सह्या २८१, चिठ्ठ्या २८६

गेल्या महिन्यात आमच्या युनियनच्या कमिटीची निवडणूक झाली. मी यंदा उभा नव्हतो, म्हणून निवडणूक अधिकारी हे काम माझ्या गळ्यात पडलं. मतदान बुधवारी ठेवलं, कारण आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. भांडणं झालीच तर थंड व्हायला मधे एक दिवस मिळतो.

पेटी म्हणजे बेअरिंगचं रिकामं खोकं. वरून ब्लेडने चीर पाडलेली, कडेने ब्राऊन टेप, टेपवर दोन्ही पॅनेलच्या सह्या. कॅन्टीनच्या कोपऱ्यात, ताटं ठेवायच्या रॅकला लागून टेबल. तिसऱ्या शिफ्टवाल्यांनी सकाळी घरी जाताजाता मतं टाकली, बाकीच्यांनी जेवणाच्या सुट्टीत. रात्री पेटी फोडली. रजिस्टरमध्ये सह्या २८१, पेटीत चिठ्ठ्या २८६.

आधी वाटलं, माझंच मोजायला चुकलं. पुन्हा मोजल्या. तेवढ्याच. दोन्ही पॅनेल एकमेकांकडे बघायला लागली. मग चिठ्ठ्या उलगडत गेल्यावर पाच वेगळ्या निघाल्या. चहाची पिवळी कुपनं. आम्ही पर्मनंटवाले चहाला कार्ड स्वाइप करतो, कागदी कुपन फक्त ठेकेदारांच्या पोरांना मिळतं. तिघांनी मागच्या कोऱ्या बाजूवर उमेदवाराचं नाव लिहिलं होतं, अगदी बरोबर, आडनावासकट. एकाने फक्त ‘बोनस’ लिहिलं होतं. आणि एकावर नुसतीच बरोबरची खूण, कशासमोर ते काहीच नाही.

कुणीतरी हसलं. मी शेऱ्यात लिहिलं, बाद ५.

कंपनीचं नाव लिहीत नाही, पगार तिथूनच येतो. चाकणला आहे, मालक जर्मन, एवढं पुरे. पर्मनंट आम्ही तीनशेच्या आत, ठेकेदारांची माणसं सातशेच्या वर. आमचा शर्ट निळा, त्यांचा राखाडी. मशीन एकच, टार्गेट एकच, भाजीसुद्धा एकाच पातेल्यातली. २४० दिवस सलग भरले की नोकरीला कायद्याचं संरक्षण लागू होतं, म्हणून ते भरत आले की त्यांना ब्रेक मिळतो, म्हणजे काही दिवस घरी बसवतात, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या मस्टरवर तोच माणूस त्याच मशीनवर. माझ्या लाईनवर जालन्याचा एक पोरगा आहे, सात वर्षं झाली त्याला. नवीन आलेल्या इंजिनिअरला सेटिंग तोच शिकवतो.

ही लाईन इथे आली कशी, तो किस्सा मला चांगला ठाऊक आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये ट्रेनिंगसाठी मला सहा आठवडे जर्मनीतल्या मूळ प्लांटला पाठवलं होतं. तिथली लाईन उचलून चाकणला आणायची होती आणि तिथलाच ऑपरेटर मला ती शिकवत होता. म्हणजे त्याचं काम मी घेऊन चाललो होतो आणि तो मला दुपारी स्वतःच्या डब्यातला ब्रेड देत होता. पहिले दोन दिवस मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. मग त्यानेच सांगितलं की त्यांच्या बेट्रिब्सराटने, म्हणजे कारखान्यातल्या कामगारांनी निवडून दिलेल्या समितीने, कंपनीशी करार केलाय. कुणाला दुसऱ्या खात्यात घेणार, कुणाला किती भरपाई देणार, सगळं लेखी.

मी होतो तेव्हा त्या समितीची निवडणूकच चालू होती. तिकडे देशभर दर चार वर्षांनी मार्च ते मेमध्ये होते ती. आमच्या शेजारच्या पॅकिंगला एक रुमानियन होता, एजन्सीकडून आलेला, म्हणजे आपल्या भाषेत कंत्राटी. चार-पाच महिनेच झाले होते. तो हातमोजे काढून मतदानाला निघाला. मला वाटलं, चुकून चाललाय. माझ्या गुरूने सांगितलं, तीन महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी इथे लावलेल्या एजन्सीच्या माणसालाही मत असतं, २००१ पासून कायदाच तसा आहे. उभं मात्र राहता येत नाही. म्हणजे तिकडेही अर्धीच भाकरी. पण आहे. त्याशिवाय १९७६ च्या कायद्याने दोन हजारांवर कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळात, म्हणजे कारभार चालवणाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या मंडळात, निम्म्या जागा कामगारांच्या. बरोबरीची मतं पडली तर अध्यक्षाला जादा मत असतं आणि अध्यक्ष बहुतेक मालकांच्या बाजूचा, हेही त्यानेच हसत सांगितलं.

पुढे लाईन आली. क्रेट फोडायला मीच होतो. मशीन आलं, मॅन्युअल आलं, स्पेअर्स आले, जर्मन अक्षरांतल्या सूचनांच्या पाट्यासुद्धा आल्या, त्या अजून तशाच आहेत. ज्या जागी तो ब्रेडवाला उभा राहायचा, तिथे आता जालन्याचा पोरगा उभा राहतो.

आता कुणी म्हणेल, कंपनीच वाईट. कंपनी जे करते ते करतेच. पण युनियन आणि कंपनीच्या मागच्या पगारकरारावर डावीकडून तिसरी सही माझी आहे. त्यात आम्हाला तीन वर्षांत मिळून साडेनऊ हजारांची वाढ मिळाली, पेढे वाटले, गेटवर गुलाल उधळला. त्याच करारात एक कलम होतं, वॉशिंग, पॅकिंग आणि लोडिंग ठेकेदाराकडे द्यायला युनियनची हरकत नाही. वाचून सही केली मी.

आणि कायदा आड येतो असंही नाही. आमची युनियन १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याखाली नोंदलेली. त्यात पंधरा वर्षांवरचा कुणीही सभासद होऊ शकत होता, युनियनच्या घटनेत बसत असेल तर. आड येते ती आमची घटना, ‘कंपनीच्या हजेरीपटावरील कायम कामगार’ हे चार शब्द. २०२३ च्या सर्वसाधारण सभेत मी ते बदलायचा ठराव मांडला होता. बाजूने एकोणीस हात वर झाले. एक ज्येष्ठ सभासद उठून म्हणाले, “भाऊ, ते सातशे, आपण तीनशे. उद्या कमिटी कुणाची?” याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. मोजणी बरोबरच होती त्यांची. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही, एकाहून जास्त युनियन असतील तर एकट्याने वाटाघाटीचा हक्क मिळवायला ५१ टक्के लागतात, आणि ते मोजायचे मस्टरवरच्या कामगारांत. ठेकेदाराचा माणूस आमच्या मस्टरवर नसतोच, त्यामुळे कागदावर आम्ही शंभर टक्के.

माझे वडील परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा त्यांची नोकरी अकरा वर्षांची होती. पगारवाढीचं सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या संपाचा एक मुद्दा हाही होता की आमच्या वतीने बोलणार कोण. अडीच लाख माणूस दत्ता सामंतांच्या मागे, आणि १९४६ च्या बीआयआर, म्हणजे मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे बोलायचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या मान्यता असलेल्या युनियनला. बहुमत कुणाचं हे पेटी ठेवून कुणी बघितलं नाही. पुढे वडील पाटणला परत आले, शेती केली. परवा फोनवर कुपनांची गोष्ट सांगितली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मोजली का न्हाई ती पाच?”

“नाही आबा, बाद केली.”

“आमालाबी तसंच केलं की.”

ते रागाने बोलले नाहीत, पाऊस किती झाला ते सांगावं तसं बोलले. पुढचा विषय म्हशीचा निघाला.

ती पाच कुपनं नियमाने बाकीच्या चिठ्ठ्यांबरोबर पाकिटात घालून सील करायची होती. चार घातली. खुणेचं एक माझ्या टूलबॉक्समध्ये, व्हर्नियरच्या डबीत आहे. निवडणूक अधिकाऱ्याने असं करायचं नसतं, कबूल.

ठराव पुन्हा मांडणार आहे. या वेळी सगळं एकदम नको, निदान तीन वर्षं एकाच खात्यात काम केलेल्यांना मत द्या, असं लिहिलंय. नव्या सेक्रेटरीने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि “बघू” म्हणाला. एकोणिसातले दोघं रिटायर झालेत.

जालन्याच्या पोराला मी विचारलं नाही, त्या पाचांत तू होतास का म्हणून. त्यानेही विषय काढला नाही. सोमवारी त्याचा नवा गेटपास आला. ठेकेदार चौथा, फोटो सात वर्षांपूर्वीचाच, मिशी न फुटलेला.