इंटरनेट गव्हर्नन्सचा कोर्स केला, त्याबद्दल सविस्तर

मी राज्य सरकारात आहे, आयटीशी संबंधित फायली बघते, परराष्ट्र खात्याशी माझा काही संबंध नाही. तरी इंटरनेट गव्हर्नन्सचा, म्हणजे इंटरनेटचे नियम कोण आणि कसे ठरवतं याचा, ऑनलाइन कोर्स केला आणि तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतायत की नक्की काय शिकवतात, सरकारी नोकरीत जमतं का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

कोर्स डिप्लोफाउंडेशनचा. ही संस्था माल्टा आणि स्वित्झर्लंडच्या सरकारांनी मिळून २००२ मध्ये उभी केली. छोट्या देशांचं जिनिव्हातलं आख्खं ऑफिस म्हणजे मोजकी माणसं, त्यांनी सायबर, डेटा, टेलिकॉम प्रत्येक बैठकीला वेगळा तज्ज्ञ कुठून आणायचा, म्हणून असलेल्याच माणसांना तयार करायचं हा विचार. कोर्सला डिप्लोमॅट जास्त असतात पण टेलिकॉम रेग्युलेटरमधले, मंत्रालयांमधले, एनजीओवाले पण असतात.

अर्जाला सीव्ही, कोर्स का करायचाय यावर एक छोटं निवेदन, आणि आमच्याकडून ऑफिसची एनओसी. सगळ्यात जास्त वेळ एनओसीने खाल्ला कारण फाइल प्रशिक्षणवाल्यांनी पुढे न्यायची की आयटीवाल्यांनी इथेच ती अडली. ज्यांना करायचंय त्यांनी हे काम सगळ्यात आधी हातात घ्या, बाकी सोपं आहे.

शिकवायची पद्धत मला फार आवडली. व्हिडिओ लेक्चर ऐकत बसायचं नाही, दर आठवड्याला एक मजकूर वाचायचा, त्यातलं एखादं वाक्य निवडून त्यावर स्वतःचं म्हणणं लिहायचं, मग त्याखाली बाकीचे लिहितात आणि वाद सुरू होतो. शिवाय आठवड्यातून एकदा सगळे एकाच वेळी ऑनलाइन, आमची संध्याकाळ असायची आणि पॅसिफिकवाल्यांची मध्यरात्र उलटून गेलेली, तरी ती माणसं यायची! नोकरी सांभाळून आठवड्याला सहा-सात तास काढावेच लागतात, रविवारवर ढकललं की चर्चा पुढे निघून गेलेली असते.

एका आठवड्याचा विषय रूट सर्व्हर, म्हणजे वेबसाइटचं नाव टाकल्यावर तिचा पत्ता शोधायची सुरुवात जिथून होते ते सर्व्हर. तेव्हा आफ्रिकेतल्या एका डिप्लोमॅटने सरळ विचारलं, माझ्या देशाचं इंटरनेट कोणी परस्पर बंद करू शकतं का. त्यावर आमच्यातला एक नेटवर्क इंजिनिअर लिहायला बसला, की रूट सर्व्हरची नावं तेरा, ए ते एम, पण प्रत्यक्षात त्याच्या प्रती जगभर हजाराहून जास्त ठिकाणी आहेत, मुंबईतही आहेत. मग कोणी आठवण करून दिली की १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत या सर्व्हरवरच्या मुख्य यादीवर, म्हणजे रूट झोनवर, अमेरिकी सरकारची कराराने देखरेख होती, त्या दिवशी करार संपला आणि काम आयकॅनकडे, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या ना-नफा संस्थेकडे, राहिलं. इंजिनिअरला राजकारण नवीन, डिप्लोमॅटला यंत्रणा नवीन, आणि दोघांना एकमेकांची गरज आहे हे तिथे दिसत होतं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त खिळवलं ते भारताच्या भूमिकेने. २०११ मध्ये आपण युनोच्या आमसभेत इंटरनेटची धोरणं ठरवायला ५० देशांची समिती सुचवली होती, म्हणजे सूत्रं सरकारांकडे, आणि २०१५ मध्ये आपणच मल्टीस्टेकहोल्डर पद्धतीला उघड पाठिंबा दिला, म्हणजे सरकार, कंपन्या, तंत्रज्ञ, नागरी संस्था सगळे एका टेबलावर. हा एवढा मोठा बदल माझ्याच नोकरीच्या काळात झाला आणि आमच्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये त्याचा उल्लेख नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग वाटाघाटीचा सराव. प्रत्येकाला दुसऱ्याच कोणाची तरी भूमिका, मला एक छोटं बेट मिळालं, विषय समुद्राखालच्या केबल. १५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळ ज्वालामुखी फुटला, केबल तुटली आणि देश जवळपास जगापासून तुटला, मुख्य केबल दुरुस्त व्हायला पाच आठवडे लागले कारण दुरुस्तीची जहाजं जगातच मोजकी. मुंबईत वर्सोव्याला कितीतरी केबल किनाऱ्याला लागतात, एक गेली तर दुसरी आहे, त्यामुळे ही भीती मला कधी वाटलीच नव्हती. बेटाच्या बाजूने बोलायचं म्हटल्यावर मी जहाज आधी कोणाकडे जाणार यावर अडून बसले, मोठ्या देशांना परवानग्यांवर बोलायचं होतं. ज्यावर एकमत नाही तो मजकूर चौकोनी कंसात जातो, आमचा अर्धा मसुदा कंसातच होता, आणि एकेक कंस काढताना शेवटी कळतं की कोणाला नेमकं काय हवंय. हे पुस्तकातून येणार नाही.

शेवटच्या असाइनमेंटला मी आपला विषय घेतला, देवनागरी डोमेन, म्हणजे देवनागरीत लिहिलेली वेबसाइटची नावं. शेवटी डॉट भारत असलेली नावं २०१४ पासून आहेत. रूट झोनमध्ये, म्हणजे शेवटच्या डॉटनंतरच्या नावात, देवनागरीची कुठली अक्षरं चालतील याचे नियम निओ-ब्राह्मी पॅनेल नावाच्या तज्ज्ञांच्या गटाने केले, नऊ लिप्यांचं काम या एका पॅनेलकडे होतं. त्यात आपल्या ‘वाऱ्या’, ‘दऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’चा प्रश्न आला, कारण तो टाईप करायची एक पद्धत न दिसणारं जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडायची एक खूण, वापरते आणि न दिसणारं काही रूटमध्ये चालत नाही, फसवणूक होऊ शकते. म्हणून खाली टिंब असलेला ऱ धरला. मराठी माणसाला आपलं अक्षर तिथे हवं असेल तर अशा पॅनेलवर मराठी जाणणारं कोणीतरी बसावं लागतं, आणि बसायला हे सगळं आधी शिकलेलं असावं लागतं.

आता ऑफिसमध्ये नवीन ऑनलाइन फॉर्मचं टेंडर निघतंय, त्याच्या मसुद्यात मी अट घातलीये की देवनागरी ईमेल आयडी स्वीकारलाच पाहिजे आणि टेस्टिंगमध्ये तो तपासून दाखवायचा. मसुदा वरिष्ठांकडे गेलाय. ज्यांच्याकडे असे आयडी आहेत आणि टेस्टिंगला मदत करायची तयारी आहे त्यांनी मला जरूर कळवा.