तेलुगूची वही, सहावा महिना: ‘रा’, ‘वच्चिंडु’ आणि पांढरी माशी

जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत ही वही सुरू केली तेव्हा एवढंच ठरवलं होतं: शब्द पुस्तकातून घ्यायचे नाहीत. दुकानात जे कानावर पडतं तेच उतरवायचं, मोजायचं, आणि जे जास्त वेळा येतं ते आधी पाठ करायचं. आता कापसाची दुसरी वेचणी चालू आहे, सगळे वावरात आहेत, दुकान शांत आहे. म्हणून हिशोब मांडतो.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. राजुरा तालुक्यातल्या एका गावात माझं कृषी केंद्र आहे. हा तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि तेलंगणाची हद्द आजही जवळच आहे, त्यामुळे माझी कितीतरी गिऱ्हाइकं घरी तेलुगू बोलतात. त्यांना मराठी येते. मला मात्र बारा वर्षं दुकान चालवून त्यांची भाषा येत नव्हती, आणि ही गोष्ट मनाला लागून राहिली होती.

पद्धत तीच आहे. समोरच्याला विचारून फोनवर बोलणं रेकॉर्ड करतो, रात्री देवनागरीत उतरवतो आणि रेकॉर्डिंग पुसून टाकतो. कुठं अडलं तर दुकानात बस्ते उचलणारा भाऊ सांगतो, त्याची मायबोली तेलुगू आहे. आजवर 6,200 शब्द उतरवून झाले. त्यात वेगवेगळी रूपं निघाली 1,900. त्यांपैकी 1,060 रूपं फक्त एकदाच आली. आणि सगळ्यात जास्त येणारी पहिली 100 रूपं धरली, तर सगळ्या बोलण्याचा जवळजवळ निम्मा भाग त्यांतच संपतो.

मोजायला सुरुवात केली तेव्हा असं काही निघेल ही कल्पना नव्हती, पण जगभर हेच निघतं. हार्वर्डमधल्या जॉर्ज झिफ यांनी 1935 आणि 1949 च्या पुस्तकांत हे ठळकपणे मांडलं. त्यांच्याआधी एस्तूप नावाच्या फ्रेंच लघुलेखकाच्याही ते ध्यानात आलं होतं. शब्द किती वेळा आला त्या क्रमानं यादी लावा. शब्दाचा क्रमांक आणि त्याची संख्या यांचा गुणाकार साधारण तेवढाच राहतो. माझ्या वहीत दहावं रूप 71 वेळा आलंय, विसावं 37 वेळा आणि शंभरावं 8 वेळा. गुणाकार 710, 740, 800. अगदी वरची दोन-तीन रूपं या मापात बसत नाहीत, पहिलं तर फक्त 246 वेळा आलंय, पण बाकीची रांग पाहून मी त्या रात्री वही मिटून कितीतरी वेळ अंगणात बसून होतो. युरियाचा भाव, बोंडअळी, कोणाच्या पोरीचं लग्न, असं मिळेल ते बोलणं गोळा केलेलं, आणि त्याच्या पोटात एवढी शिस्त!

आता चूक कुठं झाली ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणी अशीच यादी करत असेल तर त्याचे दोन महिने वाचतील.

इंग्रजीची यादी मी डोळ्यांसमोर ठेवली होती. ब्राऊन कॉर्पस नावाचा दहा लाख शब्दांचा एक संग्रह आहे, 1961 साली अमेरिकेत छापलेल्या मजकुराचा. त्यात एकटा ‘द’ सात टक्के जागा खातो, आणि निम्मा मजकूर अवघ्या 135 शब्दांत येतो. वरच्या जागांवर ‘ऑफ’, ‘टू’, ‘इन’ असलेच शब्द. माझ्या तेलुगू यादीत मात्र ‘ला’, ‘त’, ‘चा’ या अर्थाचं काहीच वर येईना. मला वाटलं, उतरवताना काहीतरी चुकतंय. चुकत काहीच नव्हतं. हे तुकडे आपल्यासारखेच शब्दाला चिकटून येतात. आपण ‘पऱ्हाटीले’, म्हणजे कापसाच्या झाडाला, म्हणतो, ते म्हणतात ‘पत्तिकि’. यादीत पत्ति, पत्तिकि, पत्तिलो ही तीन वेगळी रूपं झाली आणि ‘कि’ सुटा शब्द म्हणून कुठं दिसेचना. ऑगस्टमध्ये बसून सगळ्या रूपांच्या शेपट्या सोडवल्या. आजच्या 1,900 रूपांची तशी 1,150 मुळं होतात, आणि ‘कि-कु’, म्हणजे आपलं ‘ला’, थेट दुसऱ्या क्रमांकावर आलं. म्हणजे जे सगळ्यात आधी शिकायला हवं होतं, ते दोन महिने माझ्या यादीत लपून बसलं होतं. मराठी शिकवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. नुसते सुटे शब्द मोजले तर ‘ला’ आणि ‘चा’ हातून निसटतात.

या सहा महिन्यांतला सगळ्यात मोठा आनंद क्रियापदांनी दिला.

तेलुगूत ‘ये’ म्हणजे ‘रा’. मग ‘आला’ म्हणजे काय असावं? आमच्याकडं म्हणतात ‘वच्चिंडु’. दोघांचं तोंड एकमेकांना ओळखत नाही. ‘आला नाही’ म्हणायचं तर ‘रालेदु’, पुन्हा ‘रा’ हजर. ‘दे’ म्हणजे ‘इव्वु’, पण ‘दिला’ म्हणजे ‘इच्चिंडु’. मी वैतागलो होतो. मग एक दिवस गोडाऊनमध्ये उभ्या उभ्या मनात आलं की आपलं काय वेगळं आहे? ये, आला. जा, गेला. हो, झाला. कर, केला. मर, मेला. आता उलट बाजूनं पाहा: नांगर, नांगरला. डवर, डवरला. उपट, उपटला. तेलुगूतही ‘दुन्नु’ म्हणजे नांगर आणि ‘दुन्निंडु’ म्हणजे नांगरलं. सरळ, कुठं वळण नाही. जी क्रियापदं दिवसातून शंभरदा तोंडात येतात तीच वाकडी आहेत, आणि जी हंगामात एकदा येतात ती सरळ.

कारण साधं आहे. ‘केला’ हे रूप आपण बनवत नाही, आठवतो. इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ते तयारच असतं. ‘डवरला’ मात्र नियमानं बनवावं लागतं, आठवणीत ठेवण्याएवढं ते ऐकलेलंच नसतं. वाकडं रूप टिकायचं तर त्याला रोजचा वापर लागतो. वापर कमी झाला की नवी पिढी त्याला नियमाच्या सरीत ओढते. इंग्रजीवर हे मोजूनही झालंय. 2007 साली हार्वर्डच्या संशोधकांनी जुन्या इंग्रजीतली 177 वाकडी क्रियापदं घेतली, त्यातली आज 98 च वाकडी उरलीत. शंभरपट कमी वापरलं जाणारं क्रियापद दहापट लवकर सरळ होतं, असा त्यांचा हिशोब निघाला. ‘हेल्प’चा भूतकाळ एके काळी ‘होल्प’ होता, तो असाच गेला. आपल्याकडं ‘प्यालं’च्या जागी ‘पिलं’ ऐकू येतं, तेव्हा मला आता राग येत नाही, कान टवकारले जातात.

याच गोष्टीचा दुसरा पुरावा घरातच मिळाला. बहिणीची चार वर्षांची पोर तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन आली आणि म्हणाली, “मामा, बैलाले म्याच रंग करला.” गेल्या वर्षी हीच पोर ‘केला’ म्हणत होती, ऐकलं तसं. मधल्या काळात तिला नियम सापडला, आणि आता ती तो सगळीकडं लावतेय. पुढं ‘केला’ पुन्हा शंभरदा कानावर पडेल आणि आपोआप जागेवर येईल. बहीण तिला दुरुस्त करायला निघाली होती. मी म्हटलं, “राहू दे बाई, तिची भाषा वाढून रायली.”

म्हणून माझ्या अँकीच्या (फोनवरच्या पाठांतराच्या ॲपच्या) कार्डांत आता फरक केलाय. वरच्या पन्नास क्रियापदांना नियम लावत बसत नाही. प्रत्येकाचं पूर्ण वाक्य, दुकानात ऐकलेलं, जसंच्या तसं. नियम फक्त खालच्यांसाठी.

रोजच्या वापरानं शब्द झिजतोही, आणि त्यावर अर्थांचे थरही चढतात. आपलं ‘लागणे’ घ्या: भूक लागली, दिवा लागला, नंबर लागला, वेळ लागला, बोट लागलं. ‘म्हणून’चं तर आमच्याकडं ‘म्हून’ झालंय आणि त्यात ‘म्हणणं’ कुठंच उरलेलं नाही. तेलुगूत ‘अनि’ म्हणजे शब्दशः ‘म्हणून’च. “रेपु वस्त अनि चेप्पिंडु.” “उद्या येतो म्हणून सांगितलं त्यानं.” शब्दाखाली शब्द ठेवा, एकही हलवावा लागत नाही. भरभर बोलताना ‘अनि’ही मागच्या शब्दात विरून जातं, अगदी ‘म्हून’सारखं. हे वाक्य ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मला तेलुगू परकी वाटेनाशी झाली.

पण संख्येवर सगळा भरवसा ठेवू नका, हे सप्टेंबरमध्ये शिकलो. एक म्हातारे शेतकरी प्लास्टिकच्या पिशवीत पऱ्हाटीची पानं घेऊन आले. मी त्यांना ‘तात’, म्हणजे आजोबा, म्हणतो. म्हणाले, “अन्ना, आकु किंद तेल्ल दोम उन्नदि.” आकु म्हणजे पान, किंद म्हणजे खाली, उन्नदि म्हणजे आहे, तेल्ल म्हणजे पांढरं. पाचातले चार शब्द कळले. ‘दोम’ माझ्या वहीत तोवर दोनदाच आला होता, आणि दोन्ही वेळा डास या अर्थानं. पानाखाली पांढरा डास? मी बघतच राहिलो. तात काही बोलले नाहीत. पिशवीतलं एक पान काढून काउंटरवर उलटं ठेवलं. शिरेच्या कडेला बारीक पांढरे ठिपके, आणि त्यातला एक उडाला. पांढरी माशी! आपण जिला माशी म्हणतो तिला ते डास म्हणतात. ‘पच्च दोम’, म्हणजे हिरवा डास, हे आपले तुडतुडे, तेही त्याच दिवशी कळलं. मराठीत विचारून खात्री केली आणि मगच औषध दिलं.

वाक्यातले ऐंशी टक्के शब्द येत होते आणि अर्थ शून्य होता. पॉल नेशन या अभ्यासकानं 2006 साली मांडलं की इंग्रजी मजकूर आधाराविना वाचायचा तर 98 टक्के शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक, लागतात. तरीही पन्नासात एक शब्द अनोळखी राहतोच. पहिले शंभर शब्द वाक्याचा सांगाडा देतात. तात ज्यासाठी दोन कोस चालत आले होते तो शब्द मात्र तळाच्या हजारांत असतो.

म्हणून आता दोन वह्या केल्यात. एकीत संख्येनं वर असलेले, रोज घोकायचे. दुसरीत तळाचे, पण दुकानाच्या कामाचे: कीड, रोग, खत, मापं. दुसरीत संख्या लिहीत नाही, शब्द कोणी आणि कशासाठी वापरला ते लिहितो. सध्या तिथं 140 शब्द आहेत. ‘मंदु’, म्हणजे औषध, दोन्ही वह्यांत आहे. दुकानात तो सहाव्या क्रमांकावर आला. दुसरीकडं कुठं मोजलं तर तो कितीतरी खाली जाईल, आणि ते तपासायचंच आहे. पुढच्या आठवडी बाजारात भाजीवाल्यांच्या रांगेत बसून हजारभर शब्द उतरवणार आहे. तिथल्या दोन बायांनी होकार दिलाय. एकीनं विचारलं, “एंदुकु?” म्हणजे कशासाठी. हा शब्द वहीत 31 वेळा आलाय, पण मला उद्देशून पहिल्यांदाच.