द्राक्षांचे पैसे आणि ऑर्डर ३८

तासगाव भागात दर हंगामात हे होतंच. बाहेरचा व्यापारी येतो, पहिल्या गाड्यांचे पैसे रोख देतो, मग उधारी, मग चेक, मग फोन बंद. दावा लावून निकाल येईपर्यंत माणूस कुठल्या राज्यात असेल देव जाणे. मी वकील, त्या दिवशी माझ्याकडं आलेले बागायतदार काका मात्र वेळेत आले. व्यापारी अजून इथंच होता पण भाड्याचं शेड खाली करत होता आणि काकांचे साडेआठ लाख त्याच्याकडं अडकलेले.

दाव्यासोबतच दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या (सीपीसी) ऑर्डर ३८ रूल १ चा अर्ज टाकला, म्हणजे निकालाआधी अटक. लोकांना वाटतं पैसे बुडवले की आत टाकता येतं, तसं अजिबात नाहीये. दावा लांबवायला किंवा उद्याची वसुली चुकवायला माणूस पळतोय हे कोर्टाला पटवावं लागतं. नुसतं "पळून जाईल अशी भीती आहे" लिहिलं तर अर्ज फेटाळतात आणि फेटाळायलाच पाहिजे, पुरेसं कारण नसताना अटक करवली तर त्याच संहितेच्या कलम ९५ खाली ५०,००० पर्यंत भरपाई वादीवरच बसू शकते.

जजसाहेबांचा पहिलाच प्रश्न, पळतोय कशावरून? शेडमालकाचं ॲफिडेव्हिट दिलं, व्यापाऱ्यानं डिपॉझिट परत मागितलंय आणि त्याच रात्रीचा ट्रक ठरवलाय. मग काकांची वही. प्रत्येक गाडीची तारीख, वजन, दर आणि शेजारी व्यापाऱ्याच्या मुनीमाची सही. साहेबांनी पानं उलटून पाहिली आणि वॉरंट काढलं.

वॉरंट बजावणाऱ्या कोर्टाच्या बेलिफसोबत गेलो तेव्हा रिकामे क्रेट ट्रकमध्ये चढत होते. बेलिफनं वॉरंटवरची रक्कम वाचून दाखवली, आत्ता भरा, अटक टळेल. पैसे नव्हते, मग आणला कोर्टात. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, रक्कम भरा नाहीतर जामीनदार द्या, दोन्ही नाही जमलं तर दिवाणी तुरुंग, सहा महिन्यांपर्यंत. कोर्ट उठायच्या आत त्याचा मेव्हणा डीडी घेऊन आला.

काकांनी लगेच विचारलं, मला कधी मिळणार? दावा निकाली निघेपर्यंत पैसे कोर्टातच राहणार हे सांगताना मलाच वाईट वाटलं. त्यांनी जमा पावतीचा फोटो काढून औषधाच्या दुकानदाराला पाठवला, थोडं थांब म्हणून.

संध्याकाळी त्याच व्यापाऱ्यानं बुडवलेले अजून दोघं बागायतदार आले. त्यांच्याकडं वही होती पण सही एकाही पानावर नाही. त्यांचे दावे लावलेत, आता वजनकाट्याच्या पावत्या शोधतोय.