जेठियन ते वेळुवन

दरवर्षी १३ डिसेंबरला बिहारमधल्या जेठियनहून राजगीरला, म्हणजे जुन्या राजगृहाला, धम्मयात्रा निघते. दोन्हीकडे डोंगर, मधून तेरा-चौदा किलोमीटरची वाट, शेवट राजगीरच्या वेळुवनात, म्हणजे बांबूच्या वनात. पाली ग्रंथांतलं लट्ठिवन म्हणजे हे जेठियनच, असं मानतात. उरुवेलेच्या (आजच्या बोधगयेच्या) जटिलांना, म्हणजे जटाधारी तपस्व्यांना, धम्म दिल्यावर भगवान बुद्ध हजार भिक्खूंसह इथे आले, राजा बिंबिसार दर्शनाला आला आणि पुढे त्याने वेळुवन संघाला दान दिलं.

चालताना माझ्या मनात बुद्धांची त्याआधीची वाट होती. उरुवेलेत बोधी, मग सारनाथ, पुन्हा उरुवेला, गया आणि राजगृह. झाडाखाली जे मिळायचं ते मिळालं होतं. पुढची पंचेचाळीस वर्षं पायपीट कशासाठी? सारनाथला साठ अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेले भिक्खू, तयार झाले तेव्हा बुद्धांनी त्यांना चारिकेला, म्हणजे गावोगावी फिरायला, पाठवलं, बहुजनहिताय, बहुजनसुखाय, लोकानुकम्पाय. एका वाटेने दोघांनी जाऊ नका, असंही बजावलं. साठ जण साठ वाटांनी गेले की तितक्या जास्त माणसांपर्यंत धम्म पोचतो. करुणेचा इतका रोकडा हिशेब मला फार आवडतो.

निम्मी वाट सरली असेल. आमच्यातल्या एका वयस्कर काकांच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि ते मातीतच बसले. त्यांचे हाल पाहून बरोबरच्या ताई रडायला लागल्या. मागून एक परदेशी तरुण भिक्खू येत होते. त्यांना आमची भाषा येत नव्हती. त्यांनी झोळी खाली ठेवली, काकांचा पाय मांडीवर घेतला आणि टाचेपासून वर चोळायला लागले. मध्येच ताईंकडे पाहून पाण्याच्या बाटलीकडे बोट केलं. ताई डोळे पुसून काकांना पाणी पाजू लागल्या. “भन्ते, राहू द्या, तुम्ही माझे पाय धरू नका,” काका संकोचाने म्हणत राहिले. भन्ते नुसते हसले आणि दुसरा पाय घेतला.

पाली भाष्यकार बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात करुणेचे दोन शत्रू सांगितले आहेत. दूरचा शत्रू क्रूरता. तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू शोक, आणि तो करुणेसारखाच दिसतो. दुसऱ्याच्या दुःखात आपणच बुडालो की त्याला हात द्यायला कोण उरणार? म्हणून ब्रह्मविहारांत, म्हणजे मनाच्या चार उदात्त भावनांत, मेत्ता (मैत्री), करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखातला आनंद) यांच्यासोबत उपेक्खाही (मनाचा समतोल) आहे. उपेक्खा म्हणजे बेपर्वाई, असं समजणाऱ्यांनी भन्तेंचे ते न थरथरणारे हात पाहायला हवे होते.

विनयातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली, गोष्ट आठवली. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता, कोणी विचारत नव्हतं. बुद्धांनी आपले शिष्य आनंद यांच्याकडून पाणी मागवलं, स्वतः ते ओतलं, दोघांनी त्याला धुऊन उचलून मंचकावर ठेवलं. मग संघाला सांगितलं, ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. बुद्धवंदना आपण रोज म्हणतो. तिच्या जोडीला हे वाक्यही प्रत्येक विहाराच्या भिंतीवर हवं, असं मला मनापासून वाटतं.

काकांना आधार देत आम्ही उशिरा वेळुवनात पोचलो. वर्षावासाचा नियम इथलाच. भिक्खू पावसातही फिरतात, हिरवं गवत तुडवतात, बारीक जीव त्यांच्या पायांखाली मरतात, अशी लोकांची तक्रार आली आणि बुद्धांनी पावसाळ्यात तीन महिने एका जागी राहायला सांगितलं. ज्या करुणेने साठ जणांना वाटेला लावलं, तिनेच त्यांना किड्यामुंग्यांसाठी थांबवलं. तळ्याकाठी बसून आम्ही मेत्ताभावना केली, सब्बे सत्ता सुखी होन्तु, सगळे जीव सुखी होवोत.

दुसऱ्या दिवशी सगळे गृध्रकूट डोंगरावर निघाले. काकांना चढ जमणार नव्हता. ताई आणि मी त्यांच्याबरोबर खालीच, वैद्य जीवकाच्या आम्रवनात थांबलो. बुद्धांचा वैरी बनलेल्या देवदत्ताने लोटलेल्या शिळेच्या कपच्याने बुद्धांचा पाय रक्ताळला तेव्हा त्यांना इथेच आणलं होतं, हे ताईंनी काकांना सांगितलं आणि त्यांच्या पोटऱ्यांना तेल लावायला घेतलं.