सिम चालू, ओटीपी बंद

स्वारगेटला बसमध्ये चढताना फोन गेला. चोराला शिव्या घालून झाल्या, पण डोकं अजून तापतंय ते मोबाइल कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे दुकानात, सिम घेताना ऐकलेल्या एका वाक्यावर. "मॅडम, अर्ध्या तासात सगळं चालू होईल."

पोलिसांनी तक्रारीची प्रत दिली. चोरी म्हणून सांगितलं तरी त्यांनी 'गहाळ' लिहिलं. वाद घालायची ताकद नव्हती. पुढची पायरी सरकारच्या 'संचार साथी' साइटवर फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, ब्लॉक करायची. त्याचा ओटीपी हरवलेल्याच नंबरवर येतो, म्हणून आधी डुप्लिकेट सिम. ते मिळालं, अर्ध्या तासात रेंज आली. नवऱ्याच्या जुन्या फोनमध्ये टाकलं, अर्ज भरला, ओटीपी मागवला.

आलाच नाही.

पुन्हा मागवला. फोन बंद-चालू केला. सिम काढून, पुसून, दुसऱ्या खाचेत घातलं. गंमत म्हणजे फोन येत होते, इंटरनेटही चालत होतं. क्रेडिट कार्डवालीने तर दोनदा चौकशी केली. मी साइटलाच दोष देत बसले, दोष तिचा नव्हता. संध्याकाळी परत गॅलरीत गेले तेव्हा दुसरा मुलगा सहज म्हणाला, "सिम बदललं की चोवीस तास एसएमएस बंद असतात ना." ना! हे 'ना' सकाळी कुठे होतं?

नियमामागचं कारण पटतं. कुणी आपल्या नावाने डुप्लिकेट सिम काढलं तर लगेच ओटीपी त्याच्या हातात पडू नयेत. पण सिम देतानाच एवढं सांगितलं असतं तर माझा अख्खा दिवस वाचला असता. त्यात यूपीआयही एसएमएसशिवाय सुरू होईना, रिक्षाला सुट्टे पैसे शोधत फिरले.

हो, राहिलंच. फोन गेल्याबरोबर पहिला कॉल सिम बंद करायला करा, मग बँकेला. मी उलटं केलं. सिमला पिन नसेल तर चोर ते दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याला दिसतात. मी आता पिन टाकलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओटीपी आला. आयएमईआयचे १५ आकडे खोक्यावर सापडले, दोन सिमचा फोन म्हणून दोन नंबर, दोन्ही भरले. खोकी माळ्यावर साठवते म्हणून मी आईला हसायचे. तुमच्याकडे खोकं नसेल तर फोन हातात आहे तोवर *#०६# दाबून आकडे वहीत उतरवा.

अर्जाचा रिक्वेस्ट आयडी मी वहीत लिहिलाय. फोन सापडला तर अनब्लॉक करताना तो लागतो. फोन सापडायचाय अजून.