जुन्या कार्डावरची सही

कोपरे धारदार, रंग ताजे असं जुनं बेसबॉल कार्ड हाती असेल, तर त्यावर त्या खेळाडूची सही घेऊ नका. ग्रेडिंगमध्ये, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून दर्जा ठरवताना, ती शाई बहुधा डागच ठरते. पण कोपरे झिजलेलं, मधोमध घडी पडलेलं कार्ड सहीनं भाव खाऊन जातं, आणि माझा जीव अशाच कार्डांत अडकलाय. टॉप्स या कंपनीच्या 1955 च्या कार्डांवर छापील सही असतेच. भिंगाखाली खरी ओळखू येते, बॉलपेन पुठ्ठ्यात किंचित रुतलेलं असतं. त्याच संचात बेसबॉलपटू रॉबर्टो क्लेमेंटेचं पहिलं कार्ड आहे. तो 1972 मध्ये विमान अपघातात गेला, म्हणून त्यावरची खरी सही फार मोलाची. त्याच्या आधीच्या काळातला खेळाडू टाय कॉब याची शार्पी मार्कर पेननं केलेली सही मात्र कुणी दाखवली तर सरळ परत करा. कॉब 1961 मध्ये वारला, शार्पी बाजारात आली 1964 मध्ये.