पाच हजार डॉलरचं लंडन

'शेरलॉक होम्स अँड द सीक्रेट वेपन' बघायला बसलात तर आधी त्यातला अंधार बघा. १९४२ साली अमेरिकेच्या युद्ध उत्पादन मंडळाने नव्या सेटच्या सामानावर चित्रपटामागे ५,००० डॉलरची मर्यादा घातली. लाकूड, खिळे लढाईकडे वळले होते. युनिव्हर्सल या हॉलिवूड स्टुडिओचा हा सिनेमा जेमतेम ६८ मिनिटांचा, मोठ्या चित्रपटाच्या जोडीला लावायचा. नवीन लंडन बांधणं शक्यच नव्हतं.

मग स्टुडिओत आधीच उभे असलेले सेट वापरायचे आणि दिवे कमी करायचे. भिंतीचा कोपरा, खिडकीची चौकट उजळायची, बाकी काळोखात. होम्सला व्हिक्टोरियन काळातून उचलून थेट महायुद्धात टाकल्यामुळे हे खपतंही, कारण लंडनमध्ये तेव्हा ब्लॅकआउट, म्हणजे हवाई हल्ल्यांच्या भीतीने रात्री केलेला अंधार, होताच. घोडागाड्या आणि जुन्या पोशाखांचा खर्च वाचला, तो वेगळाच.

कथानकाला निमित्त विमानातून अचूक बाँब टाकण्याच्या यंत्राचं. त्याचे चार भाग चार शास्त्रज्ञांकडे आणि त्यांची नावं 'नाचणाऱ्या माणसां'च्या सांकेतिक लिपीत, जिथे प्रत्येक अक्षरासाठी माणसाची एक छोटी आकृती असते. कॉनन डॉईलच्या मूळ कथेतून घेतलंय ते जवळजवळ एवढंच. तिथली उकल मात्र जास्त चोख आहे: पहिल्या निरोपात १५ आकृत्या, त्यांतली एक चार वेळा येते, म्हणून ती 'ई', इंग्रजीत सर्वात जास्त येणारं अक्षर. हातात झेंडा असेल तर शब्द संपला. इतक्या छोट्या मजकुरात नुसतं मोजून भागत नाही. त्याच निरोपात 'ए' तीनदा आहे, एका आकृतीचा फरक. होम्सला पुढचे निरोप लागतात ते त्यामुळेच. सिनेमाला एवढा धीर नाही, तो हे झटपट उरकतो.

खरी मजा शेवटाकडे. होम्स त्याचा कट्टर शत्रू मोरियार्टी याच्या तावडीत सापडतो आणि मोरियार्टीचा अहंकार डिवचून त्याच्याकडून स्वतःसाठी सर्वात सावकाश मृत्यू निवडून घेतो: थेंबाथेंबाने रक्त काढणं. मित्र वॉटसन आणि पोलीस अधिकारी लेस्ट्रेड पोचेपर्यंत वेळ काढायचा, इतकाच डाव. एक टेबल, एक नळी, होम्स झालेला बॅसिल रॅथबोन आणि मोरियार्टी झालेला लायोनेल अॅटविल. बडबडीला लाकूड लागत नाही! दिग्दर्शक रॉय विल्यम नीलला हे पक्कं माहीत असावं. युनिव्हर्सलच्या १२ होम्सपटांपैकी ११ त्याचेच.

हा चित्रपट अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, म्हणून नेटवर फुकट प्रती पुष्कळ. बहुतेक प्रतींच्या प्रती: काळा रंग एकतर राखाडी पडलेला किंवा इतका दाट की कोट आणि भिंत एकच. रंग भरलेली आवृत्ती तर टाळाच, सावलीत दडवलेलं सगळं ती उजेडात आणते. यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहालयाने जीर्णोद्धार केलेली प्रत शोधा, आणि खोलीतले दिवे मालवून बघा.